धड एकाचें, एंजिन दुसऱ्याचें

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना नवल वाटेल. इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड येतात, सनदा येतात, निदान एखादें जुनें देवालय तरी येतें. मी मात्र आपणांस एका पत्र्याच्या शेडखालीं नेणार आहें. ती शेड आहे सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूर गांवीं.

वेळापूर हें नांव वारकऱ्यांना सांगावें लागत नाहीं. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसाहून निघाली कीं वेळापुरास मुक्काम करते. अभ्यासकांना हें गांव ठाऊक आहे तें अर्धनारी नटेश्वराच्या देवालयामुळें आणि रामदेवराव यादवाच्या काळच्या मराठी शिलालेखांमुळें. परंतु या गांवाला तिसरीहि एक ओळख आहे, आणि तिचा शिलालेख कोणी कोरलेला नाहीं. पुण्याहून पंढरपुरास जाणारा रस्ता आणि अकलूजहून सांगोल्यास जाणारा रस्ता येथें एकमेकांना छेदतात. नीरेच्या उजव्या कालव्यानें या तालुक्यांत ऊंस आणला, उंसानें साखरकारखाने आणले, आणि कारखान्यांबरोबर ट्रॅक्टर, ट्रॉल्या व ट्रक आले. मग लोहार, लेथवाले, वेल्डर आणि मोटारमिस्त्री यांची वस्ती रस्त्याच्या कडेनें आपोआप वाढली. गळिताच्या हंगामांत मोडलेला ॲक्सल एका रात्रींत उभा करावा लागतो. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत उंसानें वाळत बसावें, हें कोणत्याहि शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. अशा ठिकाणीं ज्याला हात आहे तो मनुष्य फार काळ नुसता दुरुस्ती करणारा राहात नाहीं. तो करणारा होतो.

त्या शेडखालीं मीं एक मोटार पाहिली. मोटार म्हणण्यापेक्षां मोटारीचे दोन भाग पाहिले, असें म्हणणें अधिक बरोबर. एका बाजूस लांकडी ठोकळ्यांवर उभी केलेली, पोट रिकामें असलेली प्रीमियर पद्मिनी. दुसऱ्या बाजूस जुन्या टायरवर मांडलेलें, झांकण उघडलेलें एक एंजिन. तें एंजिन पद्मिनीचें नव्हे. तें आलें होतें प्रीमियर ११८ एन. ई. या तिच्याच धाकट्या बहिणीच्या पोटांतून. आणि त्याचें मूळ कूळ जपानी, निसान कंपनीचें. मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या असे दोघे मिळून हें एंजिन त्या देहांत बसविण्याची तयारी करीत होते. गिऱ्हाइकासाठीं नव्हे, स्वतःसाठीं. मीं विचारलें, "बसेल का हो मिस्त्री?" ते हंसले आणि म्हणाले, "इंजिन बसतंय हो साहेब. कागद बसत न्हाई."

कागद कां बसत नाहीं, हें सांगावयाचें तर मला आपणांस प्रथम जपानांत न्यावें लागेल.

जुन्या जपानी मोटारीचा देह घ्यावा, त्यांतील थकलेलें एंजिन काढावें आणि नव्या काळचें, दुप्पट-तिप्पट जोराचें एंजिन आपल्या घरच्या गॅरेजांत स्वहस्तें बसवावें, हा छंद अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि खुद्द जपान येथें फार बोकाळला आहे. १९६७ पासून १९७३ पर्यंत निघालेली डॅटसन ५१० ही चौकोनी, साधी गाडी आणि निसाननें १९८९ च्या सुमारास काढलेलें एस. आर. २० हें दोन लिटरचें एंजिन, यांचें लग्न तर तिकडच्या हौशी लोकांनीं इतक्या वेळां लावलें आहे कीं, त्यासाठीं लागणाऱ्या पट्ट्या आणि आधार आतां तयार विकत मिळतात. लोक याला जपानी गाडीची विटंबना म्हणतात, कोणी तिचा पुनर्जन्म म्हणतात. माझें म्हणणें वेगळें आहे. दुसऱ्याच्या एंजिनाला हात घालणें हीच जपानी मोटारीची मूळ परंपरा होय.

डिसेंबर १९५२ मध्यें निसान कंपनीनें इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशीं करार केला. युद्धानें मोडलेल्या जपानला नवी मोटार स्वतःच्या बुद्धीनें उभी करण्याइतका अवसर नव्हता. तेव्हां परक्याची गाडी जोडावी, हळूहळू तिचे सर्व भाग आपल्याच देशांत घडवावे आणि त्या निमित्तानें विद्या शिकावी, असा हिशेब होता. इसुझूनें इंग्लंडच्या हिलमनशीं आणि हिनोनें फ्रान्सच्या रेनोशीं १९५३ मध्यें याच हेतूनें हात मिळविला. ऑस्टिनच्या ए-५० या गाडींत जें एंजिन होतें, तें १४८९ घन सेंटिमीटरचें.

येथें श्रोत्यांनीं दोन आंकडे लक्षांत ठेवावे, अशी माझी विनंति आहे. एंजिनाच्या सिलिंडरचा व्यास आणि त्यांतील दट्ट्याची खालवर होणारी धांव, या दोहोंवर एंजिनाचा आकार ठरतो. ऑस्टिनच्या या एंजिनाचा व्यास होता ७३ मिलिमीटर, केसभर अधिक. आणि धांव होती जवळजवळ ८९ मिलिमीटर. निसानला लहान गाडीसाठीं एक लिटरचें एंजिन हवें होतें. नवें एंजिन म्हणजे नवीं यंत्रें, नवे सांचे, कोट्यवधि येनचा खर्च. अशा वेळीं डोनाल्ड स्टोन नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें, जो पूर्वीं जीप करणाऱ्या विलिस-ओव्हरलँड कंपनींत होता, एक सल्ला दिला. नवें कशाला करतां? हेंच कापा. सिलिंडरचा व्यास तसाच ठेवा, म्हणजे भोकें पाडणारीं यंत्रें बदलावीं लागणार नाहींत. दट्ट्याची धांव तेवढी ८९ वरून ५९ वर आणा. श्रोत्यांनीं घरीं कागद घेऊन गुणाकार करून पाहावा: उत्तर ९८८ घन सेंटिमीटर येतें. १९५७ च्या डॅटसन २१० गाडींत हेंच कापलेलें एंजिन होतें, आणि तिकडचे लोक त्याला आजहि स्टोनचें एंजिन म्हणूनच ओळखतात. दुसऱ्याच वर्षीं, १९५८ मध्यें, ऑस्ट्रेलियाभोंवतालच्या खडतर मोटारस्पर्धेंत त्या लहानशा गाडीनें आपल्या वर्गांत पहिला क्रमांक मिळविला.

पुढें १९६६ मध्यें निसाननें सनी ही गाडी काढली. तिचें एंजिन नव्या रचनेचें होतें, वरचें झांकण ॲल्युमिनियमचें होतें. परंतु व्यास ७३ आणि धांव ५९, हे आंकडे तसेच. कांहीं वर्षांनीं धांव ७० केली, तेव्हां ११७१ घन सेंटिमीटरचें ए-१२ हें एंजिन झालें. डॅटसन १२०० या नांवानें ती गाडी जगभर गेली. रचना बदलली, गांव बदललें, पण ७३ चा आंकडा हलला नाहीं. घराण्यांत नाक उतरावें तसा तो उतरला.

आतां आपल्याकडे येऊं. ऑस्टिनचें तेंच १४८९ घन सेंटिमीटरचें एंजिन त्याच दशकांत हिंदुस्थानांतहि आलें. ऑस्टिन आणि मॉरिस एक होऊन झालेल्या ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनचें हें एंजिन उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सनें १९५९ च्या सुमारास ॲम्बॅसडर गाडींत घातलें. व्यास तोच. धांवहि तीच. ती धांव त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. जपान्यांनीं जें एंजिन पांच वर्षांच्या आंत कापलें, तें आपण पिढी उलटेपर्यंत जसेंच्या तसें सांभाळलें. याला कोणी आळस म्हणेल, कोणी अडाणीपणा म्हणेल. मला दोन्ही पटत नाहीं. आपल्याकडे कापणाऱ्या हातांची वाण नव्हती; कापण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना कापण्याची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांना अधिकार नव्हता.

या गोष्टीचा आरंभ सोलापुराशीं जोडलेला आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरांत २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. इंदापूर तालुक्यांतील त्यांचें वालचंदनगर वेळापुराहून फार दूर नाहीं. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने या देशांत हिंदी भांडवलानें उभे करावयाचे, असा त्यांचा हट्ट होता. त्यापूर्वीं मुंबईंत मोटारी जुळत नव्हत्या असें नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ पासून शिवडीस ते काम चालविलें होतें. पण तें परदेशांतून आलेले खोके फोडून जोडण्याचें काम. वालचंदांनीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं संधान बांधलें. तथापि युद्धकाळांत सरकारनें मोटारीच्या कारखान्यास पाठिंबा दिला नाहीं. अखेर १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढें इटलीच्या फियाटशीं करार झाला. फियाट ११००, आणि १९७४ पासून तिचेंच नांव पद्मिनी, हीं मुंबईच्या टॅक्सीचीं रूपें आपल्या सर्वांच्या परिचयाचीं आहेत.

स्वातंत्र्यानंतर सरकारचें धोरण उलट टोंकास गेलें. १९५१ च्या उद्योग कायद्यानें कोणता कारखाना काय करणार आणि किती करणार, हें परवान्यावर ठरूं लागलें. १९५३ मध्यें टॅरिफ कमिशननें, जे येथें भाग घडविण्याची योजना देतील त्यांनींच राहावें, अशी शिफारस केली. जनरल मोटर्सनें १९५४ मध्यें आपलें काम बंद केलें. यांत देशी उद्योगाचें संरक्षण होतें, आणि तें मी क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं, गिऱ्हाईक वर्षानुवर्षें रांगेंत उभें आणि कारखानदार निश्चिंत. ज्याच्या दाराशीं गिऱ्हाईक पैसे भरून वाट पाहात बसलें आहे, तो आपलें एंजिन कापील कशाला?

आणि ज्याला कापावयाचें होतें, त्याची कथा इचलकरंजीची आहे.

इचलकरंजी हें मागांचें गांव. १९०४ मध्यें विठ्ठलराव दातार यांनीं तेथें पहिला यंत्रमाग चालविला, आणि तेव्हांपासून त्या गांवांत यंत्राचा आवाज थांबला नाहीं. जेथें माग आहेत तेथें माग दुरुस्त करणारे असतात, आणि जेथें ते असतात तेथें लोखंडाशीं बोलणारी एखादी मुलखावेगळी असामी निपजतेच. शंकरराव कुलकर्णी ही अशी असामी. १९४५ च्या सुमारास ते लहान मोटारीच्या कामास लागले. १९४९ मध्यें, म्हणजे कोल्हापूर संस्थान विलीन झालें त्याच वर्षीं, त्यांची पहिली दोन आसनांची गाडी तयार झाली. तिला एम. एच. के. १९०६ असा रीतसर क्रमांक मिळाला. घरीं केलेल्या मोटारीला सरकारी क्रमांक! श्रोत्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. पुढें तिचें काम आहे.

शंकररावांनीं गाडीचें नांव मीरा ठेवलें. पुढचीं पंचवीस वर्षें ते तिला घडवीत आणि मोडीत राहिले. पोलादी स्प्रिंगांऐवजीं त्यांनीं रबर वापरलें. आसनें वाढवलीं, एंजिन सुधारलें. सत्तरच्या दशकांतील त्यांच्या गाडीचें एंजिन १४ अश्वशक्तीचें होतें, आणि १२,००० रुपयांच्या आसपास ती सामान्य कुटुंबाला देतां येईल, असा त्यांचा हिशेब होता. चौदा अश्वशक्ति ऐकून हंसूं नये. आपल्याकडच्या दोन चाकांवर नवरा, बायको, दोन मुलें आणि भाजीची पिशवी असा जो संसार तेव्हां चालत होता, त्याच्या मानानें मीरा म्हणजे राजरथ होता. पावसांत डोक्यावर छप्पर होतें, एवढी एकच गोष्ट घेतली तरी पुरे.

मीरा कारखान्यांत गेली नाहीं. गाडी रस्त्यावर होती, क्रमांक होता, करणारा मनुष्य होता. उत्पादनाचा परवाना मिळाला नाहीं. लहान गाडीचें सरकारी इरादापत्र १९७० मध्यें दिल्लीजवळच्या दुसऱ्याच एका योजनेला मिळालें. तिचें नांव मारुति. त्या पहिल्या मारुतीची गाडी बाजारांत आलीच नाहीं, कंपनी बुडाली, १९८१ मध्यें सरकारनें मारुति उद्योग या नांवानें नवी मांडणी केली, १९८२ मध्यें जपानच्या सुझुकीशीं करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातांत पडली. तीन सिलिंडरचें, ७९६ घन सेंटिमीटरचें तें एंजिन उत्तम होतें, यांत शंका नाहीं. मीरा त्याच्यापुढें टिकली असती, असें म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाहीं. पण १९६० मध्यें तिच्यापुढें सुझुकी नव्हती. १९६० मध्यें तिच्यापुढें फक्त रांग होती.

मारुति आल्यावर मात्र जुन्या कारखान्यांची झोंप उडाली, आणि त्यांनीं काय केलें पाहा. त्यांनीं तेंच केलें जें वेळापूरचे मिस्त्री करीत आहेत. हिंदुस्थान मोटर्सनें १९८४ मध्यें इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचा देह घेऊन काँटेसा काढली. प्रथम तींत तेंच जुनें १४८९ चें एंजिन घातलें, आणि तें त्या जड देहाला ओढेना तेव्हां कांहीं वर्षांनीं जपानच्या इसुझूचें १८१७ घन सेंटिमीटरचें एंजिन बसविलें. पुढें नव्वदच्या दशकांत तें ॲम्बॅसडरमध्येंहि आलें. प्रीमियरनें १९८५ मध्यें फियाट १२४ चा इटालियन देह घेतला आणि त्यांत निसानचें ए-१२ घातलें. ११८ म्हणजे १.१८ लिटर, आणि एन. ई. म्हणजे निसान एंजिन. ऑस्टिनपासून जपानांत उतरलेला तो ७३ चा आंकडा असा फिरत फिरत सोलापूरच्या मनुष्यानें स्थापन केलेल्या कंपनींत येऊन पोंचला. कारखान्यानें धड एकाचें घेतलें आणि एंजिन दुसऱ्याचें. त्याला कोणी जुगाड म्हटलें नाहीं, कारण त्याच्या हातांत कागद होता.

कागद नसलेल्यांचेंहि काम दरम्यान चालूंच होतें. १९७३ च्या अरबइस्रायल युद्धानंतर पेट्रोल भडकलें, आणि जीप, टॅक्सी बाळगणारे लोक डिझेलकडे पाहूं लागले. जीपचें पेट्रोल एंजिन काढून डिझेल एंजिन बसविण्याचा धंदा गांवोगांवच्या गॅरेजांत सुरू झाला. पुढें महिंद्र कंपनीनें स्वतःच जीपमध्यें फ्रान्सच्या प्यूजोचें २११२ घन सेंटिमीटरचें डिझेल एंजिन घातलें. या कामांत खरी परीक्षा जोराची नसते, रेषेची असते. एंजिन एका कंपनीचें आणि गिअरपेटी दुसऱ्या कंपनीची असली कीं त्या दोहोंमध्यें पोलादाची एक जाड पट्टी कापून बसवावी लागते. एंजिनाचा फिरता दांडा आणि गिअरपेटींत शिरणारा दांडा एकाच सरळ रेषेंत यावे लागतात. त्यांत कागदाच्या जाडीइतका फरक राहिला तरी क्लच थरथरतो, बेअरिंग ओरडूं लागतें, आणि दोन महिन्यांत पेटीचे दांत जातात. ज्या मिस्त्रीला शाळेंत भूमिति जमली नाहीं, तो डायल लावून ही रेषा साधतांना मीं पाहिला आहे. भूमिति म्हणजे काय, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें असें म्हटलें तरी चालेल.

वेळापूरच्या पद्मिनींत हा प्रश्न थोडा सोपा होता, कारण मिस्त्रींनीं ११८ ची गिअरपेटीहि सोबत घेतली होती. पण एक गांठ सुटली कीं दुसरी पडते. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. या पेटीचा गिअर जमिनींतून वर येणारा. म्हणजे तळाचा पत्रा कापणें आलें. पेटीची लांबी वेगळी, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा पुन्हां मापून तोलून घेणें आलें. तेलाचें भांडें पुढच्या आडव्या तुळईस लागूं नये म्हणून एंजिन किती उचलावें आणि उचललें तर बॉनेट लागेल का, याचा हिशेब आला. ज्यांना मिस्त्रीलोक फाउंडेशन म्हणतात ते रबरी आधार नव्या जागीं वेल्ड करणें आलें. रेडिएटर, सायलेन्सर, ॲक्सिलरेटरची तार, हें सगळें किरकोळ. किरकोळ म्हणजे एकेका कामाला एक एक रविवार.

आणि मग ब्रेक. पद्मिनीचें मूळ एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, जोर चाळिशीच्या घरांत. निसानचें बावन्नच्या आसपास. चारहि चाकांना जुने ड्रमब्रेक. मीं मिस्त्रींना विचारलें कीं, पळण्याची सोय झाली, थांबण्याची काय? ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "ते आहे खरं. पुढं डिस्क बसवायचा इचार चाललाय." हा विचार पुढच्या आठवड्यांत होईल कीं पुढच्या वर्षीं होईल, हें त्यांच्या मुद्रेवरून मला सांगतां आलें नाहीं, आणि कायद्याची बाजू जर कोठें खरी असेल तर ती येथें आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ हें गाडींतील फेरफारांविषयीं आहे. २००० सालीं तें दुरुस्त करण्यांत आलें: उत्पादकानें मूळ जें लिहून दिलें आहे त्याच्याशीं विसंगत असा फेरफार मालकानें करूं नये. त्याच जातीचें एंजिन परवानगीनें बदलतां येतें. अटी पाळून दुसऱ्या इंधनाचें साहित्य बसवितां येतें. परंतु गाडीचें रूपच पालटतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, अनुज्ञा नसलेल्या प्रत्येक फेरफारामागें मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. रस्ता सर्वांचा आहे. मिस्त्रींच्या हौसेपायीं पालखीच्या गर्दींत एखादी गाडी ब्रेक न लागतां शिरावी, असें कोणीहि म्हणणार नाहीं.

पण नियम दोन प्रकारचे असतात. एक विचारतो, ही गाडी धड आहे का? दुसरा विचारतो, ही गाडी कारखान्याची आहे का? इंग्लंडांत घरीं बांधलेली गाडी तपासनाक्यावर नेतात; तेथें दिवे, ब्रेक, सुकाणूं, धूर, बैठकीचे पट्टे अशी एकेक गोष्ट पारखून त्या एका गाडीपुरती मान्यता देतात. ही व्यक्तिगत मान्यतेची पद्धति तेथें २००९ पासून या नांवानें चालूं आहे, आणि तत्पूर्वीं दुसऱ्या नांवानें होती. जपानांतहि एंजिन बदललेल्या गाडीस फेरतपासणी करून नवा कागद मिळूं शकतो. आपल्याकडे पुण्यास १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही उत्तम संस्था आहे. पण तिचीं दारें कारखानदाराच्या नमुन्यासाठीं आहेत, आणि त्या तपासणीचा खर्च हजारों गाड्यांवर वांटला तरच झेपणारा असतो. एका गाडीसाठीं तो कोण सोसणार? १९४९ मध्यें इचलकरंजीच्या एका घरगुती गाडीला क्रमांक मिळूं शकला होता. तें दार आपण कधीं लावून घेतलें, हें आपल्या लक्षांतहि आलें नाहीं.

अगदीं अलीकडचें उदाहरण सांगतों. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थानें मुलाच्या हट्टासाठीं भंगारांतून जीपसारखी चार चाकी गाडी केली. एंजिन दुचाकीचें, सुकाणूं डाव्या हाताला, आणि गाडी सुरू करावयाची ती किक मारून. खर्च सुमारें ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चलच्चित्र देशभर फिरलें. महिंद्र उद्योगसमूहाच्या प्रमुखांनीं तिचें मनापासून कौतुक केलें आणि, ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें आज ना उद्यां थांबविली जाईल, असें स्पष्ट सांगून तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली. देणाराची दानत मोठी, आणि घेणाऱ्यानें घेतली यांत कांहींच वावगें नाहीं. तरी त्या मुलाच्या जागीं मी असतों तर मला त्या किकची आठवण येत राहिली असती.

वेळापूरच्या शेडमधून निघण्यापूर्वीं मीं मिस्त्रींना एक विनंति केली. एंजिनाचें झांकण उघडेंच होतें. मीं म्हटलें, या सिलिंडरचा व्यास मला मोजून दाखवा. त्यांनीं हात पुसले, व्हर्निअर घेतलें, पहिल्या सिलिंडरच्या तोंडाशीं धरलें आणि उजेडाकडे वळून वाचलें.

"त्र्याहत्तर. जरा घासलंय, पॉइंट एक वर हाये."

मग कोपऱ्यांत पडलेल्या पद्मिनीच्या जुन्या एंजिनाकडे बोट करून ते म्हणाले, "त्येचं अडुसष्ट." पुतण्यानें दोन्ही आंकडे खडूनें गाडीच्या दारावर लिहून ठेवले आणि तो चेनकप्पी बांधावयास उठला.